फवारणीचा रकाना

१२ एप्रिल १९९६, शुक्रवार
वारा वायव्येचा, बोचरा. पाऊस नाही. फवारणी: –

पन्नास वर्षं मी या वह्यांमध्ये रोज तीनच गोष्टी लिहिल्या. वारा, पाऊस, फवारणी. प्रत्येकाला छापील रकाना आहे. दोन वर्षांपूर्वी शेत लेकीच्या नावावर झालं, लेक सेंद्रिय झाली आणि तिसरा रकाना ओस पडला. छापलेला रकाना कोरा सोडणं माझ्या जिवावर येतं. म्हणून आजपासून त्यात मी माझी मतं लिहिणार आहे. घरात ती कोणी विचारत नाही, त्यामुळे साठा भरपूर आहे.

लेकीचं नाव मारेन. एकुलती एक, वय छत्तीस. ऑर्हूस शहरातल्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून लोकांचं दूध तपासायची. ते सोडून आता चाळीस गायींचं शेण उपसते. सरकारचा नियम असा की जमिनीला दोन वर्षं औषधाचा थेंब लागता कामा नये. मग तपासणी, मग शिक्का. शिक्का मिळाला तर डेअरी एक सप्टेंबरपासून तिचं दूध सेंद्रिय म्हणून घेणार. नाही मिळाला तर? "तर शेत विकू, बाबा. मी परत ऑर्हूसला." हे ती 'मीठ दे' म्हणावं तसं म्हणाली.

मला काय. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मला बघायला खिडकी मिळाली की झालं, मग ती कुठलीही असो.

२८ एप्रिल, रविवार
वारा दक्षिणेचा. सकाळी भुरभुर.

आम्ही जेवत असताना मारेनने रस्त्याकडेच्या शेतातली फावडंभर माती आणून टेबलावर वर्तमानपत्रात ओतली आणि गांडुळं मोजायला घेतली.

"अकरा! बाबा, मी आले तेव्हा दोन होती."

"अभिनंदन. आता यांचं दूध कधी काढणार?"

"यांनी काम केलं तरच गायी दूध देतील."

"मग पगारही यांनाच दे, मी आपला घरी बसतो."

"तू घरीच बसलेला आहेस," माझी बायको आस्टा म्हणाली आणि मातीच्या शेजारी बटाटे ठेवले.

माझ्या आजोबांनी इथला माळ कुदळीने फोडला. छोट्या रेल्वेने चुनखडीची माती आणून ओतली. मग राय, आमचं भाकरीचं धान्य, असं आलं की चर्चमध्ये लोक त्यांना पुढचा बाक द्यायला लागले. माझ्या बापाच्या वेळेपर्यंत जमिनीने हात टेकले. चुना बापाला श्रीमंत करतो आणि पोराला भिकारी, ही आमच्याकडची म्हण. ती खरी करण्याचं काम आमच्या घराने केलं. मग मी पोत्यातलं खत आणि डब्यातलं औषध आणलं, दुप्पट पीक काढलं आणि बापाला वेड्यात काढलं. आता मारेन मला वेड्यात काढते. घराण्याची परंपरा व्यवस्थित चालू आहे.

१४ मे, मंगळवार
वारा पश्चिमेचा. पाऊस नाही.

रस्त्याकडेच्या शेतात काटे आले. नाव घेण्याइतका मान मी त्या तणाला देत नाही. वर जांभळा तुरा, खाली सुया, आणि मुळं थेट नरकापर्यंत. माझ्या काळात त्या शेतात एक काटा दिसला असता तर मी रविवारी चर्चला गेलो नसतो. आता आख्खी पलटण उभी आहे, तीही रस्त्यालगत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलामी द्यायला. मारेन म्हणते, घाई करायची नाही. कळी धरली की कापायचे, म्हणजे मूळ दमतं. दमलेलं कोण आहे ते मला ठाऊक आहे.

रस्त्यापलीकडे क्रेस्टेन राहतो. आम्ही एका शाळेत होतो, एका वर्षी नांगर धरला. त्याचं शेत असं स्वच्छ की तिथे तणाला उगवण्याआधी अर्ज करावा लागत असेल. बायको गेली. दोन मुलगे कोपनहेगनला. एक कॉम्प्युटर विकतो. दुसरा काय करतो ते क्रेस्टेनलाही नीट सांगता येत नाही.

आज त्याची गाडी आमच्या शेतापाशी आली आणि हळू झाली. अगदी चालणाऱ्या माणसाइतकी. मारेन ट्रॅक्टरवर होती. तिने हात हलवला, त्यानेही हलवला. वरून असा गोड आणि आतून काटे मोजतोय.

१५ मे, बुधवार
वारा पश्चिमेचा. पाऊस नाही.

परत हळू झाला.

२० मे, सोमवार
वारा नैर्ऋत्येचा. दुपारी एक सर.

मारेनने खालचा तुकडा नांगरला. मी खिडकीतून बघितलं. ओळ सरळ आहे. माझ्याइतकी सरळ. तिला सांगणार नाही, डोक्यात हवा जाईल.

११ जून, मंगळवार
वारा उत्तरेचा. पाऊस नाही.

२९ तारखेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. म्हणजे रिवाजाप्रमाणे आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दाराला फर झाडाच्या फांद्यांची कमान बांधणार आणि सकाळी सातला खिडकीखाली गाणी म्हणून आम्हाला उठवणार. आपण तेव्हा अंगरखा घालून, डोळे चोळत, 'अरे, हे काय!' असा चेहरा करून बाहेर यायचं असतं. आत पन्नास माणसांचे पाव पहाटे चारपासून भाजले जात असतात, पण आपण झोपेतच असतो.

आज पावांचा हिशेब करताना एकदम ध्यानात आलं. आख्खा तालुका त्याच रस्त्याने येणार. काट्यांच्या समोरून.

"मारेन, तेवढा रस्त्याकडचा पट्टा २९च्या आधी कापून टाक."

"आत्ता कापले तर दुप्पट जोमाने येतात, बाबा. जुलैत कापते."

"लोक काय म्हणतील?"

"लोक 'अभिनंदन' म्हणतील. लग्न तुझं आहे, काट्यांचं नाही."

आस्टा हसली. या घरात माझ्या बाजूने फक्त कुत्रा आहे, आणि तोही जेवणाच्या वेळेपुरता.

१८ जून, मंगळवार
वारा पूर्वेचा, मंद. पाऊस नाही. फवारणी: रस्त्याकडेचं शेत, फाटकापासून भूर्जाच्या झाडापर्यंत रस्त्यालगतचा पट्टा. पाठीवरचा पंप, पाच टाक्या. सकाळी साडेपाच ते सात.

दोन वर्षांपूर्वी मारेनने सगळे डबे परत पाठवले, तेव्हा एक मी जुन्या दुधाच्या कॅनमागे ठेवला होता. आठवण म्हणून. लोक बायकोचे केस ठेवतात, मी तणनाशक ठेवलं. मारेन गोठ्यात दूध काढत होती. मुद्दा एवढाच की सणाला घर स्वच्छ असावं. काटे वाळून पडतील, लोक येतील, जातील, शिक्का येईल, आणि कोणाचं काही बिघडणार नाही. गुडघा दुखला, पण खांद्यावर पंपाचा पट्टा बसला तेव्हा वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

हे लिहायला नको होतं. पण पंप पाठीवर घेतला आणि रकाना कोरा ठेवला, असं पन्नास वर्षांत एकदाही झालेलं नाही.

पंप धुऊन खुंटीला अडकवत होतो, तर आस्टा दारात.

"पंप धुतलास ते बरं केलंस. आता हात धू आणि नाश्त्याला ये," एवढंच म्हणाली. पुढे तिने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पन्नास वर्षांच्या संसाराचा हा फायदा.

२४ जून, सोमवार
वारा पश्चिमेचा. रात्री पाऊस.

काटे पडले नाहीत. पिळवटलेत. माना अशा वळल्यात की जणू प्रत्येकजण मागे वळून विचारतोय, 'कोणी केलं?' आणि खाली तिपानी गवतही गेलं. गायींसाठी मारेनने पेरलेलं. तिपानीला हे औषध चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वाटलं, काट्यांच्या गर्दीत तिपानी असून असणार किती? बरीच होती. आता फाटकापासून भूर्जापर्यंत पट्टी लावून आखल्यासारखा पिवळा पट्टा दिसतो. पन्नास वर्षांत माझी ओळ वाकडी गेलेली नाही, तर ही कशी जाईल.

मारेन आठवडाभर ओढ्यापलीकडच्या कुरणात गवत कापते आहे. तिने अजून पाहिलेलं नाही.

२९ जून, शनिवार
वारा नैर्ऋत्येचा. ऊन.

सातला गाणी झाली. आम्ही डोळे चोळत बाहेर आलो. आस्टाने इतकं छान आश्चर्य दाखवलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. कमान सुरेख होती, पाव पुरले, कडू दारूही पुरली.

पट्ट्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पन्नास शेतकरी त्या रस्त्याने आले, आणि पन्नासांनी पिवळेपणा कशाचा ते शंभर मीटरवरून ओळखलं. प्रत्येकजण 'हवा बरी पडली' एवढंच म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपार होती.

शेजाऱ्यांच्या वतीने क्रेस्टेन बोलायला उठला. "लॉरिड्स आणि आस्टा. पन्नास वर्षं." मग ग्लास उचलला. "वाईट नाही." खाली बसला. आमच्या भागात यापेक्षा जास्त स्तुती केली तर माणूस मेला असं समजतात.

मारेन नऊच्या सुमारास लोकांना सोडायला रस्त्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. तरी संध्याकाळपर्यंत ती येणाऱ्या पाहुण्यांना कॉफी वाढत आणि हसत राहिली. माझ्यासाठी.

३० जून, रविवार
वारा पश्चिमेचा. पाऊस नाही.

मारेनने पिळवटलेला काटा टेबलावर ठेवला. गांडुळं ठेवली होती त्याच जागी.

"हे फवारलंय. परवा मंगळवारी तपासणी आहे आणि माझ्या शेतात औषध आहे. क्रेस्टेनकाकांकडून उडून आलं असणार."

आस्टाने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीकडे पाहिलं.

"माझ्या मनात क्षणभर काय आलं माहितेय?" मारेन म्हणाली. "पण मग मीच स्वतःला म्हटलं, बाबा टोमणे मारेल, डोकं खाईल, पण असलं काही करणार नाही." आणि ती रस्ता ओलांडून गेली.

तेव्हा बोलायचं होतं. मी दुसरा कप भरून घेतला.

अर्ध्या तासाने परत आली. क्रेस्टेन म्हणाला म्हणे, "असेल बाई. अठरा तारखेला सकाळी मी बार्लीवर फवारलं होतं. गेलं असेल उडून." तपासनीसबाईंसमोर सांगायलाही तयार आहे. तसं ठरलं तर शिक्का वाचेल, फक्त तो पट्टा बाद होईल. बोल क्रेस्टेनला लागेल.

क्रेस्टेनला अठरा तारीखच कशी सुचली, देव जाणे. योगायोग असेल.

२ जुलै, मंगळवार
वारा पश्चिमेचा. दुपारनंतर पाऊस.

तपासनीसबाई मारेनच्याच वयाच्या. गुडघ्यावर बसल्या, पानं बघितली, माती पिशवीत भरली, मग फाटकापाशी उभं राहून एक डोळा मिटून पट्ट्याकडे पाहिलं.

"वाऱ्याने आलेलं औषध इतक्या सरळ रेषेत येत नाही," त्या म्हणाल्या. "कडेला फाटतं, विरळ होत जातं. हे कोणीतरी मन लावून केलेलं काम आहे."

इतक्या वर्षांनी एका सरकारी माणसाने माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि मला आभार मानता येईनात.

मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. क्रेस्टेन टोपी हातात धरून उभा राहिला. "मी अठराला फवारणी केली. वारा पश्चिमेचा होता, जोराचा. माझ्याकडून यांच्याकडे."

"पूर्वेचा होता," मी म्हणालो.

"बाबा, थांब जरा," मारेन म्हणाली.

"पूर्वेचा. मंद."

"लॉरिड्स," क्रेस्टेन दात आवळून म्हणाला, "पश्चिमेचा होता. तुझ्या लक्षात नसेल."

माझ्या लक्षात नसेल! १९४६ पासूनचा एक दिवस सांग, वारा कुठला होता ते सांगतो. मी उठलो, वही आणली आणि अठराचं पान उघडून बाईंसमोर ठेवली. इथे स्पष्ट लिहून ठेवतो, यात विवेकबुद्धी वगैरे काही नव्हती. वाऱ्याची नोंद कोणी बिघडवलेली मला खपत नाही, इतकंच.

बाईंनी वाचलं आणि वही मारेनकडे सरकवली. मारेनने ते पान वाचलं. मग उलटं जात आधीची पानं वाचायला लागली. बाहेर गाय हंबरली तरी ती उठली नाही.

निकाल असा. रस्त्याकडेचं आख्खं शेत बाद, दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. बाकीचं शेत पास. बाई म्हणाल्या की नोंद स्वतःहून पुढे आली म्हणून एवढ्यावर भागलं, नाहीतर सगळंच गेलं असतं. पण त्या शेताचं गवत आता चालणार नाही. चारा पुरणार नाही, आठ गायी विकाव्या लागतील.

"खरं बोलायला आजचाच दिवस सापडला?" बाई गेल्यावर आस्टा म्हणाली. "अठराला नाश्त्याच्या वेळी मोकळी होते मी."

५ जुलै, शुक्रवार
वारा उत्तरेचा. पाऊस.

मारेन बोलत नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. तिने ओरडावं म्हणून मी तीनदा मुद्दाम गोठ्यात गेलो. एकदा तिच्या गांडुळांची चौकशीही केली. ती बादली घेऊन निघून गेली.

मला वाईट वाटतं आहे. रकाना माझा आहे, लिहायला हरकत नाही.

८ जुलै, सोमवार
वारा पश्चिमेचा. पाऊस नाही.

आठ गायी गेल्या. मारेनने एकेकीच्या कपाळावर हात ठेवून त्यांना गाडीत चढवलं. मी फळी धरली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीट धर." सहा दिवसांतले पहिले दोन शब्द. नीट धरली.

९ जुलै, मंगळवार
वारा पश्चिमेचा, हलका. पाऊस नाही.

काटे खणायची आजोबांची लांब दांड्याची पाची काढली आणि रस्त्याकडेच्या शेतात गेलो. पट्ट्यापलीकडचे काटे जिवंत होते, मजेत. एकेक मुळापासून काढत होतो, तेवढ्यात क्रेस्टेनची गाडी आली. हळू झाली. या खेपेला माझा तोल गेला.

"ये! ये मोजायला! उतर खाली, जवळून दिसतील!"

त्याने गाडी बंद केली आणि उतरला.

"काय मोजायला?"

"काटे! दोन उन्हाळे बघतोय मी. रोज इथे येतोस आणि गाडी हळू करतोस."

क्रेस्टेन फाटकाला टेकला.

"अठराला सकाळीही हळू केली होती," तो म्हणाला. "तू पंप घेऊन पाठमोरा होतास."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. मग खोटं का बोललास?"

"मला काय फरक पडणार होता? माझ्या मागे कोण आहे, ज्याचं नाव खराब होईल?" त्याने टोपी काढली, परत घातली. "मी काटे बघत नाही, लॉरिड्स. तुझी लेक तुझ्या शेतात काम करते, ते बघतो. म्हणून हळू करतो. माझ्याकडे बघायला काय आहे? स्वच्छ शेत."

आणि तो गाडीत बसून गेला. मी त्याच एका मुळात पाची परत परत घालत राहिलो.

ज्या माणसाच्या नजरेसाठी मी ते फवारलं, त्याला काटे दिसतच नव्हते.

१४ जुलै, रविवार
वारा पश्चिमेचा. पाऊस नाही. फवारणी: नाही. काटे: दोनशे चौदा, मुळासकट.

चर्चला गेलो नाही. काटे आहेत म्हणून नव्हे, वेळ नव्हता म्हणून. दहाच्या सुमारास मारेन हातमोजे घालून, दुसरी पाची घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या ओळीला लागली. अर्ध्या तासात तिची पाच मुळं तुटली. मग म्हणाली,

"नांगरट सरळ आहे, हे तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"डोक्यात हवा गेली असती."

"वाचून गेलीच आहे." ती वाकली, काटा ओढला, मूळ अर्ध्यात तुटलं. "आठ गायी गेल्या, बाबा. ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस."

"आणि मुळाला पाची तिरकी घाल म्हणतोस, ती कशी?"

मी दाखवलं. तिला दुसऱ्याच खेपेला जमलं, मला जमायला एक उन्हाळा लागला होता. दुपारी क्रेस्टेन आपल्या बापाची पाची घेऊन रस्ता ओलांडून आला, कोणी न बोलावता. म्हणाला, त्याच्या शेतात काढायला काही नाही, कंटाळा येतो. आस्टाने फाटकापाशी कॉफी आणली आणि पाव आणले. सणाचे उरलेले होते, दगडासारखे झालेले. कॉफीत बुडवून खाल्ले.

मारेनच्या शेतात अजून हजार तरी काटे आहेत. या उन्हाळ्यात संपणार नाहीत.

चारच्या सुमारास रस्त्यावर एक गाडी आली आणि आमच्यापाशी हळू झाली. कोणाची ते दिसलं नाही, ऊन डोळ्यांवर होतं. मी पाठ सरळ केली आणि हात हलवला. बघू दे.